रक्तातला आंबिया बहार

मी हासत नव्हती म्हणून माहं लगन जुळलं, अन् मी एकदाच हासली म्हणून ते मोडायच्या बेतात आलं. खोटं वाटते न? पांढुर्ण्यात कोणालेही विचारा.

आता मुळात मी हासरी. हासरी कसली, खिदळी! शाळेत मास्तर पाढे म्हणवून घेत अन् मी त्यांच्या टोपीकडे पाहून बाकाखाली लोळे. पण अठरावं लागलं अन् हा खोकला मागं लागला. दिवसा जरासक बरं, सांज झाली की छातीत पुंगी वाजे. अन् हासली तर विचारूच नका. हासू एवढंसं, पण त्याच्यामागं खोकल्याची अशी मालगाडी येई की डबे सरता सरे ना. म्हणून मी हासणंच सोडलं. ओठ दाबायचे, खाली पाहायचं, मनात कापसाचा भाव आठवायचा. लोकं म्हणत, "सुखदेवची कुसुम काय सुधारली बापा! एकदम शांत." माह्या जिवाचे हाल मलेच ठाऊक.

सुखदेव म्हणजे माहे बाबा. नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होते. माय पुष्पा घरीच राहे, पण तिचा आवाज बाबाच्या टाकीपर्यंत जाये. मी शिवणकाम शिकायले रोज मोटरनं सौंसरले जात होती, अन् त्या मोटरीवर सुधाकर नावाचा कंडक्टर होता. तो पोट्टा म्हणजे भलताच. एकदा बोरगावले एक आजोबा बकरी घेऊन चढले, तर हा म्हणते, "आजोबा, बकरीचं अर्धं तिकीट. पण तिले माह्यापासून लांब बसवा, मागच्या खेपेले तिनं अख्खं बुक खाल्लं अन् मले हिशेब जमला नाई." सारी मोटर हासली. मी खिडकीबाहेर तोंड काढून ओठ चावून राहिली होती, डोळ्यातून पाणी चाललेलं.

त्याच्यानंतर मी त्याची मोटर सोडून मागची पकडायले लागली. आवडत नव्हता म्हणून नाई, बम आवडत होता म्हणून! आता मले सांगा, ज्याच्याजवळ बसलं की हासू येते अन् हासलं की जीव जाते, त्याच्याजवळ पोरीनं बसावं कसं? त्यानं मात्र उलटंच धरलं. ही पोरगी गंभीर आहे, शिकलेली आहे, आपल्या फालतू बोलण्याचा हिले राग येते, असं त्याले वाटलं, अन् तो आणखीनच पागल झाला. शेवटी त्यानं आपल्या मायलेच आमच्या घरी पाठवायचं ठरवलं.

त्याची माय वत्सलाबाई. सौंसरच्या संत्रा मंडीत छाटणी करणाऱ्या बायांची ती मुकादम. ढिगातून फळ उचललं, तळहातावर घेतलं की सांगे, हे पेटीत, हे टोपल्यात, हे आतून गेलं. कापून पाहायची गरज नाई. तिले हासऱ्या पोरी मुळीच चालत नव्हत्या. "हासणारी पोट्टी फळ आपटते," म्हणे. मोटरीतल्या बायांकडून माही चौकशी केली तर सगळ्यायनं एकच सांगितलं, ती पोरगी कधीच हासत नाई. झालं! वत्सलाबाई खुश.

पाहायचा कार्यक्रम मायनं मुद्दाम सकाळी ठेवला. सांजेचा खोकला पाहुण्याच्या कानी पडू नये, एवढंच तिचं डोस्कं. सगळं नीट चाललं होतं. जयभीम झालं, चहा झाला, वत्सलाबाईनं माहा हात आपल्या तळहातावर घेऊन पाहिला अन् मान डोलावली. मग पोहे आले. सुधाकरनं दोन बश्या खाल्ल्या. बाबानं आग्रह केला, "घ्या न अजून." सुधाकरनं पोटावरून हात फिरवला अन् मोटरीतल्या आवाजात म्हटलं, "पुढे सरका, पुढे सरका, मागं बम जागा आहे!"

अव माय! मी गेली न. दोन वर्षांचं साचलेलं हासू एकदम फुटलं. हातातली बशी पडली, पोहे सुधाकरच्या पँटीवर, अन् मी भिंतीले टेकून खिदळून राहिली. मग आली मालगाडी. खोकला, खोकला, अन् वर छातीची पुंगी. श्वास आत जाये ना. माय पाठ चोळून राहिली, बाबा पाणी घेऊन उभे.

वत्सलाबाई उठून उभी राहिली. "पुष्पाबाई, हे काय आहे? टीबी असन त सांगून टाका. लपवलेला माल मी आयुष्यात घेतला नाई."

माय रडायले लागली. माह्याही डोळ्यापुढं अंधारी आली. लगन तर गेलंच, वर टीबीची पोरगी म्हणून गावभर नाव. तेव्हा सुधाकर पोहे झटकत बोलला, "मा, सौंसरच्या डॉक्टर साहेबाले दाखवू न. आधी बीमारी काय ते तर समजू दे." वत्सलाबाईनं विचार केला अन् म्हणाली, "दाखवा. पण चिठ्ठी-बिठ्ठी मले चालत नाई. पेटी उघडून मी सोता पाहीन."

म्हणून आमची सारी वरात सुधाकरच्याच मोटरनं सौंसरले गेली. डॉक्टर साहेब नागपूरले शिकून आलेले, तरुण, जराशे घाबरट. त्यांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, बोटातून रक्त घेतलं. चार दिवसांनी बोलावलं अन् म्हणाले, "टीबी नाही. हिला इस्नोफिलिया आहे."

नाव ऐकून माय आणखी जोरात रडली.

"अहो रडू नका, बरा होतो," डॉक्टर साहेब म्हणाले. "आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या अंगभर फिरतात, राखण करतात. त्यातली एक जात फार थोडी असते, शंभरात दोन-चार. कुसुमच्या रक्तात ती जात निम्म्याच्या वर गेलीय. डास चावतो, त्यातून एका बारीक जंताची पिल्लं अंगात शिरतात अन् फुप्फुसात अडकतात. ह्या पेशी रक्ताच्या वाटेनं तिकडे धावतात अन् फुप्फुसात गर्दी करतात. पेशी वाईट नाहीत, गर्दी वाईट. तीन आठवडे गोळ्या घेतल्या की जंत मरतील अन् गर्दी पांगेल. घेतल्या नाहीत तर मात्र फुप्फुस कायमचं निबर होईल."

"दाखवा," वत्सलाबाई म्हणाली.

"काय दाखवू?"

"ते गर्दी. मी पाहाले आली."

डॉक्टर साहेबांनी माह्या रक्ताची काच बारीक पाहायच्या यंत्राखाली लावली, वत्सलाबाईले स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायले सांगितलं. ती वाकली. मग एकदम ओरडली, "अवो बाई! संत्र्याच्या फोडी!"

सगळे धावले. मीही पाहिलं. खरं सांगते, काय सुंदर दिसत होतं! फिक्कट गुलाबी पसारा, अन् त्याच्यात जागोजागी गोल गोल पेशी, पोटात नारंगी दाणे गच्च भरलेले, मधात दोन निळ्या फोडी जोडून ठेवल्यासारख्या. डॉक्टर साहेब सांगून राहिले होते की काचेवर रंग टाकल्यानं दाणे असे दिसतात, पण ऐकते कोण?

"एकसारखा माल," वत्सलाबाई डोळा न काढता बोलली. "दागी एक नाई. काय भरला आहे पाहा, अन् काय रंग धरला आहे! नुसता आंबिया बहार!" हिवाळ्यात फुलून दिवाळीच्या सुमारास तोडीले येणारा संत्र्याचा तो बहार म्हणजे तिच्या मंडीतला पहिल्या नंबरचा माल. मग तिनं मान वर केली अन् सुधाकरकडे पाहिलं. "डॉक्टर साहेब, याचंही काढा."

सुधाकरचं रक्त काढलं, काच रंगवली, वाळवली. वत्सलाबाई बसली. काच इकडे सरकवा, तिकडे सरकवा. शोधून राहिली, शोधून राहिली. शेवटी एका कोपऱ्यात एक नारंगी सापडली. ती उठली तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"एवढा मोठा घोडा वाढवला मी," ती म्हणाली, "अन् आत बाग उजाड!"

"बाई, हेच बरोबर आहे, निरोगी माणसाचं असंच असतं," डॉक्टर साहेब कळवळून म्हणाले. हलका माल भारी म्हणून सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडे पाहावं, तशी नजर वत्सलाबाईनं त्यांच्याकडे टाकली. अन् माही माय! तिचं रडणं तर कव्हाचंच बंद झालं होतं. पदर नीट करून ती ताठ बसली होती. "आमच्या कुसुमले लहानपणापासून दूध पाजलं," ती म्हणाली. घरी गाय नव्हती, तरी म्हणाली.

मोटरीत बसल्यावर मी ओठ चावून चावून रक्त काढलं. सुधाकर तिकीट फाडायले आला अन् हळूच म्हणते, "तुम्ही बागाईतदार, आम्ही कोरडवाहू. जमन का आपलं?" देवा रे, मेली मी! थेट पांढुर्ण्याच्या स्टँडपर्यंत खोकली.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई आमच्या घरी हजर. सोबत टोपलंभर संत्री, अन् आवाज एकदम नरम. "इहीनबाई, पोराचं रक्त पातळ आहे, मी नाई म्हणत नाई. पण नोकरी पक्की आहे, निर्व्यसनी आहे. नाही म्हणू नका." मायनं दोन मिनिटं भाव खाल्ला अन् हो म्हटलं. मी दाराआड आनंदानं नाचून राहिली होती. पण पुढचं ऐकलं अन् माहे पाय तिथंच थांबले.

"अन् त्या गोळ्या," वत्सलाबाई म्हणाली, "लगन होईपर्यंत देऊ नका. बहारावर कोणी असा फवारा मारते का? सारा झडून जाईन. फेब्रुवारीत लगन करू, एखादं लेकरू होऊ दे, मग पाहू."

"मलेही तेच वाटत होतं," माय म्हणाली, अन् गोळ्यांची पुडी ट्रंकेत टाकून किल्ली कमरेले खोचली.

मी बाहेर आली. "माय, मले श्वास येत नाई! डॉक्टर साहेब म्हणाले फुप्फुस निबर..." एवढंच बोलली अन् खोकला आला. संताप आला की खोकला, खोकला आला की बोलणं बंद, असं माहं चालू. बाबानं एक प्रयत्न केला. "पुष्पा, सारं पाणी एकाच वार्डात सोडलं तर तिथं घरं पडतात..." मायनं म्हटलं, "तुम्ही नळ पाहा." बाबा नळ पाहायले निघून गेले.

त्या दिवसांत मी फार भ्याली. लगन हातात आलं होतं, सुधाकर माहा होणार होता, अन् मी मात्र जिन्याच्या चार पायऱ्या चढली की बसून राहे. हासू नाई, गाणं नाई, अन् लेकरू होईपर्यंत असंच जगायचं? त्याच्याजवळ बसून जन्मभर ओठ चावायचे? मले खूब रडू आलं. मग रडण्याचाही खोकला आला, अन् मले असा राग चढला की मी चप्पल घातली अन् सरळ सौंसरच्या मंडीत गेली.

मंडीत कल्ला चालू होता. ट्रक आले नव्हते, अन् हमालांनी गाड्यांतला माल एकावर एक ओतून त्याच्यावर ताडपत्री टाकून दिली होती. वत्सलाबाई कमरेवर हात देऊन ओरडून राहिली होती. "अरे किती येळा सांगू, ढीग नको करा! फळाले हवा लागते! वरून पाहाले सोनं, अन् खाली पाणी सुटलं असन!"

मी ऐकलं अन् मले एकदम सुचलं. मी ताडपत्री उचलली अन् ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊन ऊन लागत होतं, चिकट लागत होतं.

"मावशी, हात घाला."

"तू इथं काहून आली?"

"घाला तर!"

तिनं हात घातला अन् तोंड वाकडं केलं. "तापला ढीग."

"आणला तेव्हा माल खराब होता?"

"काय बोलते? सकाळी मीच पाहिला. पहिल्या नंबरचा माल होता."

"मग तापला कसा?"

"आता पुढे जायले गाडी नाई, मागून येणं चालूच. दाटी झाली की चांगला माल बी..." अन् ती बोलता बोलता थांबली. माह्याकडे पाहायले लागली.

"माह्या छातीत हेच होऊन राहिलं, मावशी," मी म्हटलं. "रक्तातून आला तो माल चांगलाच होता. येऊन येऊन छातीत ढीग झाला. तुम्ही वरून रंग पाहिला."

अन् मग आलाच खोकला. मी पेटीवर बसून पार वाकली. वत्सलाबाईनं तळहात माह्या पाठीवर ठेवला, तोच, फळ ओळखणारा. बराच वेळ ठेवला. आतली पुंगी तिच्या हाताले लागली असन. "अगं माह्या लेकरा," ती म्हणाली. "तू तर आतून तापून राहिली."

ती हमालांवर एकदा गरजली, "ताडपत्री काढा, फळं पसरा!" अन् माहा हात धरून जवळजवळ पळतच स्टँडवर आली. सुधाकरची मोटर उभीच होती. "तिकीट नको फाडू, गाडी सोड!" ती म्हणाली. सुधाकर म्हणते, "मायलेही तिकीट लागते, साहेब लोक तपासतात." तिनं त्याच्या डोक्यात टपली मारली अन् तिकीटही घेतलं.

आमच्या घरात शिरल्या शिरल्या तिनं हात पुढे केला. "इहीनबाई, किल्ली."

"पण बहार...?"

"बहार गेला चुलीत! पोरगी सडून राहिली आतून, अन् आपण दोघी रंग पाहत बसलो! आण ती किल्ली!" अन् मग दोघी विहिणी ट्रंकेसमोर बसून गळ्यात गळा घालून अशा रडल्या की शेजारचे लोक विचारायले आले, कोण गेलं म्हणून. मी तिथंच उभ्या उभ्या पहिली गोळी गिळली.

आठवड्यातच मी रात्रभर झोपायले लागली. पुंगी बंद झाली. गोळ्या सरल्यावर काही दिवसांनी डॉक्टर साहेबांनी पुन्हा रक्त पाहिलं. वत्सलाबाई न सांगता स्टुलावर जाऊन बसली. काच इकडे सरकवा, तिकडे सरकवा. "दोन-चार आहेत," ती म्हणाली. "बस्स, घरी खायापुरत्या." डॉक्टर साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हासले.

मी मात्र हासली नाई. सवयीनं ओठ दाबले. खरं सांगू, मले भीती वाटत होती. न हासता बरी आहे, हे मले माहीत होतं. हासून बरी आहे का, हे पाहायची हिंमतच होये ना. लगन होईपर्यंत मी सुधाकरच्या मोटरीत पाय ठेवला नाई. पुन्हा मालगाडी सुरू झाली असती तर त्याच्या मायनं आता माल परत पाठवलाच असता, असं मले वाटे.

फेब्रुवारीत लगन झालं. आमच्या गल्लीत मांडव, समोर बुद्धाची मूर्ती अन् बाबासाहेबांचा फोटो, मी पांढऱ्या साडीत. पंचशील झालं, शपथा झाल्या. सावरगावपासून बोरगावपर्यंतची माणसं आली होती अन् मांडवात अशी शांतता की मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू यावी. लगन लावणारे भिवाजी गुरुजी गंभीर आवाजात म्हणाले, "वधू-वरांनी आता पुढे यावं."

सुधाकर माह्या कानाशी पुटपुटला, "पुढे सरका, पुढे सरका, मागं बम जागा आहे."

झालं! फुटली मी. हार हातात, डोक्यावर पदर, अन् ही एवढी मोठ्यानं हासली की भिवाजी गुरुजींचं पुस्तक खाली पडलं. हासली, हासली, मग एकदम मले समजलं की मी हासून राहिली, अन् मी गप झाली.

मायनं तोंडावर पदर घेतला. बाबा पाण्याचा गिलास घेऊन कव्हाचेच उठले होते. सुधाकरचं तोंड पांढरं पडलं. सगळे माह्या छातीकडे कान लावून बसले होते, अन् मीही. आता येईन. आता येईन.

वत्सलाबाई बायांतून वाट काढत आली, थेट मूर्तीसमोर. माह्या मागं उभी राहिली अन् पदराखालून तळहात माह्या पाठीवर ठेवला.

"हास," ती म्हणाली.

"मावशी, सगळे पाहून राहिले..."

"पाहू दे. हास म्हटलं न!"

मी भीतभीत हासली. तिनं हात जरा खाली सरकवला, डोळे मिटले. "अजून." मी अजून हासली, जरा मोठ्यानं. हात दुसऱ्या बाजूले गेला. "अजून, पोटातून!" आता मले तिच्याच तोंडाकडे पाहून हासू आलं, अन् मी खरंच हासली, शाळेत बाकाखाली हासत होती तशी. श्वास आत गेला अन् बाहेर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, कुठं म्हणून अडला नाई. वत्सलाबाईच्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं. तिनं डोळे उघडले अन् मंडीत हमालाले ओरडते तशी भिवाजी गुरुजीवर ओरडली.

"मोकळी आहे! चला, पुढचं घ्या!"